आधी गाडी, मग तिरंगा

आमच्या शेजारची पोरगी पोलीस भरतीच्या मागे लागली आहे. पहाटे पाचला मैदानावर पळायला जाते, उजाडल्यावर घामाघूम होऊन परत येते. परवा तिची आई चहाला आली होती. कप खाली ठेवत हळूच म्हणाली, "ताई, पोरगी लागली अन् तिले गडचिरोलीकडं पाठवलं तं? तिकडं ते सुरुंगाची गाडी राहते म्हंते, तिले काई होत नाई म्हंते. खरं हाय का?"

"असते ना अशी गाडी," मी म्हणाले खरी. पण त्या उत्तराने माझंच समाधान झालं नाही. कारण मला १ मे २०१९ आठवला.

महाराष्ट्र दिन होता. सकाळी आपण झेंडावंदन करून घरी आलो आणि दुपारी बातमी आली. आदल्या रात्री नक्षलवाद्यांनी कुरखेडा तालुक्यात दादापूरला रस्त्याच्या कामावरच्या गाड्या जाळल्या होत्या. तिकडे निघालेल्या जलद प्रतिसाद पथकाची गाडी जांभूळखेड्याजवळ सुरुंगाने उडवली. पंधरा पोलीस गेले. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातला, आर्णी तालुक्यातलाही एक जवान होता. ती गाडी सुरुंगरोधक नव्हती. साधी खासगी गाडी होती, आपण लग्नाच्या वऱ्हाडाला ठरवतो तशी. आणि ती चालवणारा, पोलीस नसलेला ड्रायव्हरही गेला. तो सोळावा.

मग या सुरुंगरोधक गाडीत असतं तरी काय? घराचं उतरतं छप्पर डोळ्यांसमोर आणा. पाऊस कितीही कोसळला तरी पाणी त्यावर साचत नाही, दोन्ही बाजूंनी ओघळून जातं. तेच छप्पर उलटं करून गाडीच्या पोटाला लावलं, असं समजा. खालून स्फोट झाला की त्याचा जोर सपाट तळावर आदळत नाही, दोन्ही बाजूंना फाकतो. गाडी जमिनीपासून उंच असते. चाकं उडून गेली तरी माणसं बसतात तो पोलादी डबा शाबूत राहावा, अशी तिची रचना असते. आतल्या खुर्च्या तळावर ठोकलेल्या नसतात, म्हणजे खालचा हादरा थेट मणक्यात जात नाही. पट्टा मात्र बांधलाच पाहिजे, नाहीतर डोकं छतावर आपटतं. पोरींना स्कूटीवर हेल्मेट घाल म्हणून आपण ओरडतो ना, तसंच हे!

ही युक्ती दक्षिण आफ्रिकेत १९७० च्या दशकात आकाराला आली. आपल्या लष्करानेही आधी तिथल्याच 'कॅस्पिर' गाड्या आणल्या. पुढे मेडक आणि जबलपूरच्या सरकारी कारखान्यांत अशा गाड्या तयार होऊ लागल्या. आता तर पुण्याची भारत फोर्ज कंपनी 'कल्याणी एम-४' बनवते. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने तिच्याकडे सुमारे १७८ कोटींची मागणी नोंदवली. परदेशात शांतिसेनेत जाणाऱ्या आपल्या जवानांसाठीही या गाड्या आहेत. त्या शांतिसेनेत बायकाही आहेत, बरं का! २००७ मध्ये लायबेरियाला गेलेलं शंभरावर महिला पोलिसांचं पथक आपल्या भारताचंच होतं. संयुक्त राष्ट्रांच्या इतिहासातलं ते असं पहिलं पथक.

पण शेजारणीला "काही होत नाही" असं मात्र मी सांगू शकत नाही. ३ सप्टेंबर २००५ रोजी छत्तीसगडमध्ये पदेड्याजवळ अशीच सुरुंगरोधक गाडी उडवली गेली. चोवीस जण गेले. १३ मार्च २०१८ ला किस्टारामजवळ पुन्हा तेच झालं, नऊ जवान गेले. गाडी दहा-वीस किलो स्फोटकांचा हिशेब धरून बांधलेली असते. समोरच्याने पन्नास-साठ किलो पुरली, तर पोलादाचंही काही चालत नाही. म्हणून गाडीआधी रस्ता तपासणारं पथक पायी पुढे जावं लागतं. घाईत निघायचं नाही, ही शिस्त पाळावी लागते.

मग गाडी कशाला, असं कुणी म्हणेल. अहो, कुकरची शिट्टी अडकू शकते म्हणून आपण शिट्टीच काढून टाकतो का? ६ जानेवारी २०२५ ला बिजापूरमध्ये आठ जवान आणि एक ड्रायव्हर गेले, तेही साध्याच गाडीत. जांभूळखेड्यानंतर जवळजवळ सहा वर्षांनी!

आता गडचिरोली बदलते आहे. १५ ऑक्टोबर २०२५ ला भूपतीसारख्या मोठ्या नेत्याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. चांगलंच झालं. पण पुरलेला सुरुंग शरण येत नाही. तो कुणाच्या तरी पायाची, चाकाची वाट पाहत पडून राहतो.

आपल्या भागात शेती अशी, म्हणून पोरं-पोरी वर्दीकडे धावतात. भरती झाली की आपण विचारतो, पगार किती, क्वार्टर मिळेल का, सुट्टी कधी. पोरीला कोणत्या गाडीतून नेणार आणि त्या रस्त्यावर आधी कोण चालणार, हे विचारतच नाही. मग एक दिवस तिरंग्यात गुंडाळलेली पेटी येते. गावभर फलक लागतात, पुढारी येतात. त्या माऊलीला साडी-चोळी देऊन आपण गहिवरतो. गहिवर खोटा नसतो, पण उशिरा येतो, नाही का?

शेजारणीला मी शेवटी हेच सांगितलं. पोरीला पळू दे, अडवू नकोस. पण मत मागायला येणाऱ्याला गाडीचं विचार. तू एकटीने विचारलंस तर हसतील, चाळीस जणींनी विचारलं तर उत्तर द्यावं लागेल.

ती उठता उठता म्हणाली, "अन् तो ड्रायव्हर? त्याच्या घरी कोन गेलं असंन?"

मला उत्तर देता आलं नाही. पेपरात, भाषणात आपण "पंधरा शहीद" म्हणतो. येत्या १ मेला झेंडावंदनाला जाल, तेव्हा मैत्रिणींनो, सोळा म्हणा.