उजवीकडून डावीकडे

मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें ज्या वाचकांनीं चाळलीं असतील, त्यांस मूळ फारशी कागदांतील उतारे पाहण्याचा प्रसंग आलाच असेल. नुकताच असा एक नवीन ग्रंथ आमच्या हातीं आला. त्यांतील फारशी ओळी पाहून, त्या लिपीचा अल्पच परिचय असलेल्या आम्हांसही खेद झाला. अक्षरें एकमेकांपासून सुटलेलीं आणि क्रम साफ उलटा! मूळ कागदांना कसर लागते. छापील उतारा हाच पुढील अभ्यासकाचा आधार. तोच असा बिघडला तर पडताळा कशाशीं पाहावयाचा?

काम कठीण आहे, हें मान्य. अरबींत 28 व फारशींत 32 अक्षरें. पण शब्दाच्या आरंभीं, मध्यें, शेवटीं व एकटें असतां बहुतेक अक्षराचें रूप पालटतें. अलिफ, दाल, रे, वाव हीं तर पुढच्या अक्षरास हात देतच नाहींत. त्यांतून ओळ उजवीकडून चालली असतां मध्येंच आंकडा आला, कीं तो मात्र डावीकडून वाचावयाचा. डोनाल्ड नुथ यांची 1978 सालची ‘टेक’ ही संगणकीय जुळणीची प्रणाली डावीकडूनच चाले. 1987 सालीं त्यांनीं व पियरे मॅके यांनीं दोन्ही दिशा एका ओळींत कशा नांदवाव्या, हें दाखविलें. 1992 सालीं जर्मनींत क्लाउस लागाली यांचें ‘अरबटेक’ आलें. त्यांत रोमन अक्षरें टंकिलीं असतां अरबी छापून निघे. 2004 सालीं जोनाथन क्यू यांचें ‘झीटेक’ आलें, तें युनिकोडांतील मजकूरच थेट स्वीकारतें.

इतकें असूनही कांहीं जुळारी अक्षरें हातानेंच उलट्या क्रमानें बसवितात. एका ओळीपुरतें तें साजरें दिसतें. उतारा दोन ओळींचा झाला, कीं वाक्याचा शेवट वरच्या ओळींत व आरंभ खालच्या ओळींत जाऊन पडतो. शब्द शोधूं गेल्यास सांपडत नाहीं, तें निराळेंच. अक्षरें संगणकांत उच्चाराच्या क्रमानें ठेवावीं; दिशा व रूप यंत्रानें पाहावें. आपल्या ‘किरण’ शब्दांत वेलांटी आधीं दिसते, परंतु युनिकोडांत ती ककारानंतरच असते. व्याकरण शिकलेल्यास हें निराळें सांगावयास नको.

फारशींत आणखी एक नाजुक गोष्ट आहे. ‘मीरवम्’ म्हणजे ‘मी जातों’. यांतील ‘मी’ हें क्रियापदाचें पूर्वपद पुढील अक्षरास चिकटवावयाचें नाहीं, आणि पूर्ण जागा सोडून तोडावयाचेंही नाहीं. यास इराणी लोक ‘नीमफासला’ म्हणतात. आपल्या ‘निमशहरी’ शब्दांतील ‘निम’ तोच. सामान्य जुळाऱ्यास हें कोठून ठाऊक असणार!

उपरोक्त ग्रंथाच्या प्रकाशकांस आम्हीं पत्र लिहिलें आहे. पुढील आवृत्तींत उतारे नव्यानें जुळवावे व मुद्रितें फारशी जाणणाऱ्या गृहस्थांस दाखवावीं, अशी विनंती केली आहे. उत्तर अद्याप आलेलें नाहीं.