उन्हांतून सायकलीवर

उन्हाळ्यांत सकाळची शाळा सुटते त्या वेळीं, म्हणजे पावणेबारा वाजतां, सायकली ठेवण्याच्या छपराजवळ उभें राहून पाहिलें असतां आमच्या विद्यार्थ्यांचे तीन वर्ग सहज दिसतात. पहिला वर्ग उघड्या डोक्याच्या मुलांचा. यांना ऊन लागत नाहीं, किंवा लागतें हें कबूल करणें कमीपणाचें वाटतें. दुसरा वर्ग मुलींचा. डोळे सोडून सारें तोंड ओढणीनें आवळलेलें, हातांत लांब मोजे, आणि इतकें करून ऊन बाधेल म्हणून नव्हे, तर रंग काळवंडेल म्हणून. तिसरा वर्ग लहान आहे, पण वाढत आहे. त्यांच्या दप्तरांत आईनें दिलेली सनस्क्रीनची नळी असते, व ती सकाळीं एकदां लाविली म्हणजे दिवसाचें काम झालें अशी त्यांची समजूत असते. या तिन्ही वर्गांचें थोडें थोडें चुकतें, व आम्हां शिक्षकांचें सर्वांहून अधिक चुकतें, असें आमचें मत झालें आहे. तें कसें झालें हें आधीं सांगितलें पाहिजे.

२०२५ च्या एप्रिल महिन्यांतील गोष्ट. निंबळकच्या बाजूनें सायकलीवर येणारा आठवीचा एक मुलगा गळ्यांत पांढरा पंचा घालून प्रार्थनेस उभा राहिला. गणवेशांत पंचा नाहीं. आम्हीं तो काढावयास लाविला आणि शिस्तीचे दोन शब्दही ऐकविले. पंचा आमच्या टेबलावर राहिला, मुलगा दुपारीं तसाच घरीं गेला. त्याची वाट पाऊण तासाची. दुसरे दिवशीं तो आला नाहीं. तिसरे दिवशीं त्याचे वडील आले व अगदीं नम्रपणें म्हणाले, “गुरुजी, वाटेंत त्याचा घोळणा फुटला, रात्रभर डोकें दुखत होतें. पंचा मीच दिला होता.” त्यांनीं रागें भरलें असतें तर आम्हांस बरें वाटलें असतें. तेव्हांपासून या विषयाचा आम्हीं जरा अभ्यास केला. त्यांतून जें हातीं लागलें तें येथें देत आहों.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. उन्हांत दोन निरनिराळ्या गोष्टी असतात: एक उष्मा व दुसरी डोळ्यांस न दिसणारे अतिनील किरण. उष्म्यानें घाम येतो, चक्कर येते, व मर्यादेबाहेर गेल्यास प्राणही जातो. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंत खारघर येथें उघड्या मैदानावरील समारंभास बसलेल्या लोकांपैकीं १४ जण उष्माघातानें दगावले, हें पुष्कळांस आठवत असेल. अतिनील किरणांचें काम निराळें. ते जाणवत नाहींत. कातडी भाजणें, तिच्यावर डाग पडणें, ती अकालीं सुरकुतणें, डोळ्यांत मोतीबिंदु होण्यास हातभार लागणें, हे त्यांचे परिणाम, व त्यांतील बहुतेक वर्षांनुवर्षें सांचून मग दिसतात. उष्मा दुपारीं तीनच्या सुमारास सर्वांत अधिक असतो. अतिनील किरण सूर्य माथ्यावर असतो तेव्हां. नगर शहर सुमारें १९ अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच आहे, आणि येथें खरी मध्यान्ह घड्याळाच्या साडेबारांच्या सुमारास होते. मे महिन्याच्या मध्यास व पुन्हां जुलैच्या अखेरीस सूर्य येथें बरोबर डोक्यावर येतो व उभ्या काठीची सावली नाहींशी होते. जुलैंत आपणांस तें कळत नाहीं, कारण आभाळ भरलेलें असतें. परंतु पातळ ढगांतून ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरण खालीं येऊं शकतात.

आतां घड्याळाकडे पाहा. २०२५ च्या उन्हाळ्यांत शिक्षण खात्यानें माध्यमिक शाळांची वेळ सकाळीं ७ ते ११-४५ अशी ठरविली. निर्णय योग्यच होता. पत्र्याच्या वर्गांत दुपारीं तीन वाजतां मुलांस बसविणें हा छळ आहे. परंतु पावणेबारास सुटलेला मुलगा साडेबारास घरीं पोंचतो, म्हणजे उष्म्यांतून त्याची सुटका झाली तरी अतिनील किरणांचा सर्वांत कडक तास त्याच्याच वाट्यास येतो. शाळा आणखी लवकर भरवावी असें कोणी म्हणेल. बोलणें सोपें आहे. लांबून येणाऱ्या मुलीनें पहांटे चारला उठून, अंधारांत सायकल काढून यावें काय? आम्हांस हें पसंत नाहीं. वेळ बदलणें कठीण असेल तर वेष बदलावा, हा आमचा मुद्दा.

ऊन केव्हां कडक आहे हें ओळखण्यास यंत्र नको. आपली सावली पाहावी. ती आपल्याहून लांब असेल तर फारशी चिंता नाहीं. आपल्याहून आंखूड झाली कीं अंग झांकावें. जागतिक आरोग्य संघटनेनें अतिनील किरणांचा एक निर्देशांक ठरविला आहे. तो ३ झाला म्हणजे जपावें व ११ झाला म्हणजे अतितीव्र समजावें, असा त्याचा क्रम आहे. आमच्याकडे उन्हाळ्यांत निरभ्र दुपारीं तो ११ च्या वर जातो. इतकेंच नव्हे, तर डिसेंबरांत, स्वेटर घातलेला असतांही, दुपारीं साडेबारास आपली सावली आपल्या उंचीहून किंचित् आंखूडच असते. हा प्रयोग मुलांनीं मैदानावर अवश्य करून पाहावा.

अंग झांकावें तें कशानें? येथें आमच्या जिल्ह्यास बाहेरून कांहीं शिकण्याची गरज नाहीं. पाथर्डीकडून ऊसतोडीस जाणाऱ्या स्त्रिया लुगड्यावर घरधन्याचा पुऱ्या बाह्यांचा सदरा चढवितात व डोक्यास फडकें बांधतात. तो वेष कोणा तज्ज्ञानें सांगितलेला नाहीं, पण तज्ज्ञ आज तेंच सांगतात: पहिलें संरक्षण सावली, दुसरें कापड, मलम त्याच्या मागून. कापड घट्ट विणीचें असावें. उजेडासमोर धरून पाहावें, पलीकडचें जितकें स्पष्ट दिसेल तितकें तें उन्हास कमी अडवील. पांढरा झिरझिरीत सुती सदरा थंड वाटतो, परंतु किरण अडविण्यांत गडद रंगाचें जाड कापड त्याहून पुष्कळ सरस. पांढरें कापड भिजलें कीं आणखी पारदर्शक होतें. तथापि नगरच्या कोरड्या हवेंत ओल्या पंचानें डोकें थंड राहतें हेंही खरें. म्हणून ओला पंचा दुहेरी करून बांधावा, दोन्ही हेतु साधतील. सदरा अंगास चिकटलेला नसून सैल असावा, म्हणजे वारा खेळतो. मान व कान हीं दोन ठिकाणें सायकलस्वार हटकून विसरतो. पाय मारतांना तो पुढें वांकतो आणि मानेची मागची बाजू सूर्याच्या हवालीं करितो.

ओढणीविषयीं थोडें अधिक लिहिणें भाग आहे. ती उत्तम आहे. परंतु सुटलेलें टोंक चाकांत वा सांखळींत गुंतलें तर क्षणांत गळफास बसतो. दोन्ही टोंकें कमरेंत खोंचावीं किंवा सदऱ्याच्या आंत घ्यावीं. कान आवळून बांधल्यास मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज मंदावतो, आणि कडेचें दिसणें कमी होतें. आमच्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या कशा धांवतात हें पालकांस सांगावयास नको. उन्हापासून वांचून रस्त्यावर सांपडण्यांत काय लाभ? ज्यांच्याजवळ हेल्मेट आहे त्यांनीं खालीं पातळ, पुढें छज्जा असलेली टोपी घालावी; हेल्मेटच्या झरोक्यांतून भांगाची रेघ भाजते.

आतां नळीकडे वळूं. सनस्क्रीन निरुपयोगी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नाक, गाल, हाताची पाठ, जेथें कापड पोंचत नाहीं तेथें तिचा उपयोग आहे. पण तिचा हिशेब समजून घ्यावा. एस. पी. एफ. ३० याचा अर्थ भाजविणाऱ्या किरणांपैकीं सुमारें तिसावा हिस्साच आंत जातो, ५० म्हणजे पन्नासावा. म्हणजे ९७ व ९८ टक्के अडविण्याइतकाच फरक. यासाठीं दुप्पट पैसे देऊं नयेत. शिवाय हे आंकडे प्रयोगशाळेंतील जाड थरावर काढलेले असतात. चेहरा व मान यांस तर्जनी आणि मधलें बोट यांच्या लांबीच्या दोन रेघा भरतील इतकें मलम लागतें. लोक लावितात त्याच्या चतुर्थांश वा निम्में, व मग मोठ्या आंकड्यावर विसंबतात. घाम आला, तोंड पुसलें, कीं तें गेलें. सकाळीं पावणेसातास लाविलेली सनस्क्रीन दुपारीं बारास जवळ जवळ नसल्यासारखीच. ती शाळा सुटतांना लाविली पाहिजे. नळीवर एस. पी. एफ. बरोबर ‘पी. ए.’ व त्यापुढें अधिकचीं चिन्हें आहेत का तें पाहावें. तीं खोलवर जाणाऱ्या किरणांविषयीं असतात. झिंक ऑक्साइड किंवा टायटेनियम डायऑक्साइड ज्यांत आहे अशी सनस्क्रीन मुलांस बरी. इतर रासायनिक द्रव्यांपैकीं कांहीं रक्तांत उतरतात असें अमेरिकेच्या औषध खात्याच्या २०१९ व २०२० मधील प्रयोगांत दिसलें. उतरतात म्हणजे अपाय करितातच असें सिद्ध झालेलें नाहीं. परंतु वरचेवर राहणारें द्रव्य मिळत असतां दुसरें कां घ्यावें? झिंकनें सांवळ्या चेहऱ्यावर पांढुरका थर दिसतो व वर्गांत हंशा होतो. हंसणाऱ्यांस आम्ही पाहून घेऊं.

घरगुती उपायांपैकीं खोबरेल तेल, हळद, बेसन यांनीं अतिनील किरण अडत नाहींत म्हटलें तरी चालेल. लिंबाचा रस चोळून उन्हांत जाणें तर धोक्याचें. त्यानें कातडीवर फोड व महिनोन्महिने न जाणारे काळे डाग उठतात.

याहून मोठा धोका गोरें करणाऱ्या मलमांचा, आणि येथें आम्हांस स्पष्ट बोललें पाहिजे. बाजारांत बिननांवाच्या डब्यांतून मिळणाऱ्या अशा कित्येक मलमांत पारा असतो. २०२२ सालीं अकोल्याच्या एका कुटुंबांतील तिघींस, आई व दोन मुलींस, असें मलम लावून मूत्रपिंडाचा विकार जडला; मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत तपासल्यावर मलमांतील पारा उघडकीस आला. आपल्या मुली ऊन टाळतात तें बहुधा या एकाच भयानें, कीं आपण काळ्या दिसूं. वस्तुतः कातडीचा सांवळा रंग हेंच या देशाच्या उन्हाविरुद्ध देवानें दिलेलें छत्र आहे. तें अपुरें पडतें, म्हणून वर कापड घ्यावयाचें. तें खरवडून काढावयाचें नाहीं. ज्या आईनें मुलीस “ऊन नको, काळी होशील” असें सांगितलें असेल, तिनें यापुढें “ऊन नको, डोकें दुखेल” इतकेंच सांगावें. उपाय तोच राहील, पण मुलीच्या मनांत कायमचें शल्य राहणार नाहीं. मंडईंत भाजी विकणाऱ्या स्त्रियांचे चेहरे पाहा. त्यांत काय उणें आहे?

कातडीपेक्षां आम्हांस डोळ्यांची काळजी अधिक वाटते. आपल्या लोकांत कातडीचा कर्करोग विरळा, पण मोतीबिंदु घरोघरीं. उन्हांत व धुळींत राबणाऱ्यांच्या बुबुळाकडे मांस वाढत आलेलें खेड्यांत कितीतरी वेळां दिसतें. छज्जाची टोपी डोळ्यांवर येणारे किरण सुमारें निम्म्यानें कमी करिते. काळा चष्मा घ्यावयाचा तर त्यावर ‘यूव्ही ४००’ असें लिहिलेलें आहे का तें पाहावें व चष्म्याच्या चांगल्या दुकानांत तपासून घ्यावा. केवळ काळी कांच असेल तर आंत अंधार पाहून बाहुली मोठी होते आणि किरणांस दार अधिकच उघडें सांपडतें; त्यापेक्षां चष्मा नसलेला बरा. आम्हीं स्वतः पदपथावरील असा एक चष्मा दोन उन्हाळे रुबाबांत वापरला, हें येथें कबूल करितों.

ऊन सर्वस्वी वाईट असा याचा अर्थ कोणीं करूं नये. हाडांस लागणारें ‘ड’ जीवनसत्त्व उन्हांतूनच मिळतें, व तें कमी असलेलीं माणसें आपल्या देशांत पुष्कळ आहेत. मधल्या सुटींत पंधरा वीस मिनिटें उघड्या हातांनीं मैदानावर खेळावें. मध्यान्हीं पाऊण तास सायकल हांकणें निराळें.

ऑस्ट्रेलियांत १९८१ पासून या बाबतींत मोठी लोकजागृति झाली, आणि तेथील पुष्कळ शाळांत डोक्यावर टोपी नसेल त्या मुलास मैदानावर खेळूं देत नाहींत. आमच्याकडे नेमकें उलट: टोपी असेल तर फाटकापाशीं अडवितात. गणवेशाचा हेतु गरीब श्रीमंत सारखे दिसावे हा आहे. तो पुऱ्या बाह्यांनीं बिघडत नाहीं. म्हणून आमची सूचना अशी कीं, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत मुलांमुलींस पुऱ्या बाह्यांचा सदरा व कोणत्याही रंगाची टोपी, पंचा अथवा ओढणी शाळेच्या आवारापर्यंत वापरण्याची मोकळीक असावी, वर्गांत ती घडी करून दप्तरांत ठेवावी. शाळा सुटण्यापूर्वीं पांच मिनिटें पाणी पिण्यास व डोकें बांधण्यास द्यावीं. बाटली भरून घेतल्याशिवाय सायकल बाहेर काढूं देऊं नये.

राहिली सावली. आमच्या जिल्ह्यास २०२४ पासून ज्यांचें नांव आहे त्या अहिल्याबाई याच जिल्ह्यांतील चौंडीच्या. वाटसरूंसाठीं विहिरी, घाट व धर्मशाळा बांधणारी राज्यकर्ती म्हणून त्यांची कीर्ति आहे. त्यांच्या जिल्ह्यांत आज रस्ते रुंद करितांना वड व लिंब जातात आणि दुभाजकांत कण्हेर लागते. कण्हेरीची सावली कण्हेरीसही पुरत नाहीं. हें काम शाळेच्या हातचें नाहीं. परंतु फाटकापासून हमरस्त्यापर्यंतची वाट शाळेच्या हातची आहे, व तिच्या कडेस येत्या पावसाळ्यांत लिंबाचीं रोपें लावण्यास आमच्या वर्गानें मुख्याध्यापकांची परवानगी मागितली आहे.

गणवेशाची सूचनाही त्यांच्यापुढें ठेविली आहे. पालकांनीं शाळा उघडण्यापूर्वीं नवे सदरे शिवावयास टाकतांना बाह्या मनगटापर्यंत ठेवावयास सांगावें. निंबळकच्या बाजूच्या त्या मुलास त्याचा पंचा आम्हीं परत केला आहे, आणि तो आतां रोज बांधून येतो.