मॉनेस्टरीचा उतार

कॅलिफोर्नियातलं कार्मेल मागे टाकून हायवे वनने दक्षिणेला निघालं की काही मिनिटांतच उजव्या हाताला एक छोटा, देखणा किनारा लागतो. रस्त्यापलीकडच्या टेकडीवर कार्मेलाइट संन्यासिनींचा मठ आहे, त्यावरून हा मॉनेस्टरी बीच. बे एरियातली मराठी कुटुंबं पॉइंट लोबोसला जाताना इथे हमखास गाडी थांबवतात आणि मुलं पाण्याकडे धावत सुटतात. त्यांना आधी धरा. इथे नुसते काठावर उभे असलेले लोकही ओढले गेले आहेत, पट्टीचे डायव्हरही गेले आहेत. स्थानिक लोक या जागेला ‘मॉर्च्युअरी बीच’ म्हणतात.

वाळू ग्रॅनाइटची, भरड, पाय घोट्यापर्यंत रुतवणारी. उतार छपरासारखा. कार्मेल कॅन्यन ही समुद्रतळावरची दरी, माँटेरेच्या अजस्र दरीची शाखा, थेट या किनाऱ्यापाशी येऊन भिडते. एरवी लाट उथळ पाण्यावरून येता येता दूरवरच फुटते, काठाला लागेस्तोवर तिचा फेस उरतो. इथे वाटेत तिला अडवायला उथळ पाणीच नाही. ती सगळी ताकद राखून येते आणि पायाशी आदळते. परतताना खालची वाळू घेऊन जाते, आणि तेवढ्यात दुसरी आलेली असते.

तरीही आम्ही डायव्हर इथे उतरतो, कारण असं पाणी फार थोड्या ठिकाणी किनाऱ्यावरून पोहत गाठता येतं. वसंतापासून वायव्येचे वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि खालून थंडगार, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. तापमान दहा ते तेरा अंश, सात मिलिमीटरचा वेटसूटही अपुरा वाटावा असं. त्या थंडीवरच केल्पचं, म्हणजे अजस्र समुद्री शेवाळाचं, जंगल पोसलं जातं. अनुकूल दिवसांत केल्पचा वेल दिवसाकाठी अर्धा मीटरसुद्धा वाढतो. प्रत्येक पात्याच्या देठाशी हवेचा एक फुगा असतो, त्याच्या जोरावर वेल ताठ उभा राहतो. त्या खांबांमधून निळ्या रॉकफिशचे थवे संथ तरंगत असतात. खडकांवर गुलाबी केसाळ न्यूडिब्रँक दिसतात, आणि जरा खोल गेलं की पांढरी, झुपकेदार समुद्रफुलं.

हिवाळ्यातल्या एका शांत सकाळी इथल्या कपारीत मी लिंगकॉड माशाचा नर पाहिला. हातभर लांब, रुंद जबड्याचा, दगडाच्याच रंगाचा. शेजारी थर्मोकोलच्या गोळ्यांचा असावा तसा अंड्यांचा पांढरा पुंजका. मादी अंडी घालून निघून जाते, राखण नराची, तीही कित्येक आठवडे. माझा दिवा त्याच्या डोळ्यांवर गेला तरी तो तसूभर हलला नाही. मीच मागे सरले.

उतरायचं ते उत्तरेच्या नाहीतर दक्षिणेच्या टोकाला, जिथे केल्प आहे. मधल्या पट्ट्यात कधीच नाही. आधी निदान अर्धा तास नुसतं बघत बसायचं. लाटा टोळीने येतात. शांत दहा मिनिटांनंतर येणारी टोळीच घात करते. मग मास्क, रेग्युलेटर, फिन्स सगळं कोरड्या वाळूवरच चढवायचं, उलट्या पावलांनी पाण्यात शिरायचं आणि एकदा शिरलं की लाटा फुटतात त्या पट्ट्यात क्षणभरही रेंगाळायचं नाही. बाहेर येणं त्याहून अवघड. मोठी टोळी जाऊ द्यायची, लाटेच्या पाठीवरून काठ गाठायचा आणि हातापायांवर रांगत वर यायचं. पाठीवर टाकी आणि शिशाचं वजन असताना त्या उतारावर उभं राहायला गेलात तर पुढची लाट आडवं करणार. कोरडी वाळू लागेपर्यंत रेग्युलेटर तोंडातच ठेवायचा. या रांगण्याला इथे ‘मॉनेस्टरी क्रॉल’ म्हणतात आणि जुनेजाणते डायव्हरही ते निमूटपणे करतात. पाणी बघून, टाक्या तशाच पुन्हा गाडीत चढवून परत फिरणाऱ्याला मी पाण्यात उतरणाऱ्याइतकाच जाणकार मानते. अशा दिवशी माँटेरेचा ब्रेकवॉटर जवळच असतो, आणि तिथलं पाणी बहुधा निवांत असतं.

हे केल्पचं जंगल मात्र आता पूर्वीचं राहिलेलं नाही, आणि त्याचं फार वाईट वाटतं. २०१३ पासून तारामाशांना झडवणारा रोग पसरला आणि सूर्यफुलासारखा मोठा तारामासा कॅलिफोर्नियातून जवळजवळ नाहीसा झाला. तो जांभळे सी अर्चिन खायचा. तो गेला, पाठोपाठ समुद्र तापला, अर्चिन बेसुमार वाढले आणि त्यांनी केल्प मुळापासून कुरतडला. रोगामागे एक जिवाणू आहे, हे २०२५ मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं. माँटेरेच्या परिसरात केल्पचे जे तुकडे तगले, त्यात समुद्री पाणमांजरांचा वाटा मोठा आहे. कातड्यासाठी यांची इतकी शिकार झाली होती की १९३८ मध्ये बिग सरच्या किनाऱ्याशी एक छोटा कळप दिसला तेव्हा लोकांना नवल वाटलं. ओसाड खडकांवरचे अर्चिन उपाशी, आतून पोकळ असतात, त्यांना पाणमांजर तोंड लावत नाही. ते केल्पमधले भरलेले अर्चिन वेचून खातं. त्यामुळे उरलेलं जंगल टिकतं, पण उजाड झालेला खडक उजाडच राहतो. तिथे माणसालाच हात घालावा लागणार. माँटेरेच्या टँकर्स रीफवर डायव्हर स्वयंसेवकांनी २०२१ मध्ये हातोडीने अर्चिन फोडायला सुरुवात केली होती.