सकाळची वाट पाहू नका



गेल्या वर्षी एका निकाहात आमची जुनी विद्यार्थिनी भेटली. आठवा महिना चालू होता. चेहरा भरलेला, बांगड्या मनगटात रुतलेल्या. "माशाअल्लाह, काय नूर आलाय चेहऱ्यावर!" असे आम्हीच म्हणालो. ती म्हणाली, "टीचर, दोन दिवस डोके फार दुखतेय." "गर्दीने दुखत असेल," असे सांगून आम्ही जेवायला बसलो.

तिसऱ्या रात्री तिच्या सासूबाईंचा फोन आला. शिकलेले माणूस म्हणून त्यांना आम्ही आठवलो. सुनेच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते, बरगड्यांखाली दुखत होते. दम केलेले पाणी पाजून झाले होते. "मुलगा रात्रपाळीला गेलाय. तो फजरला येईल, तोवर थांबू का?" असे त्या विचारत होत्या. तेव्हा आम्हाला कळले, तो नूर नव्हता, सूज होती. आम्ही लगेच 108 ला फोन लावला. दवाखान्यात रक्तदाब 170/110 निघाला. त्याच रात्री सिझेरियन झाले आणि बाळ तीन आठवडे काचेच्या पेटीत राहिले. अल्हम्दुलिल्लाह, आज दोघेही सुखरूप आहेत. पण उशीर झाला असता तर झटके येऊ शकले असते, असे डॉक्टरबाई म्हणाल्या.

म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत पुढीलपैकी काहीही दिसले, तर वेळ न पाहता डॉक्टरांना फोन करावा:

* न थांबणारी डोकेदुखी, अंधुक दिसणे, चेहऱ्यावर किंवा हातांवर अचानक सूज, पोटाच्या वरच्या भागात दुखणे.
* अंगावरून रक्त जाणे.
* पाणी जाणे, मग कळा नसल्या तरीही.
* बाळाची हालचाल रोजच्यापेक्षा कमी वाटणे. "शेवटी बाळ शांतच होते" हा समज चुकीचा आहे.
* ताप येणे, किंवा 37 आठवड्यांआधीच कळा सुरू होणे.

झटका आला किंवा रक्त जास्त जात असेल, तर फोनवर बोलत न बसता थेट दवाखाना गाठावा.

दिवस भरल्यावर पहिल्या खेपेला दर पाच मिनिटांनी मिनिटभराची कळ, असे तासभर चालले की निघावे. दुसरी खेप असेल किंवा दवाखाना दूर असेल, तर त्याआधीच.

त्या रात्री अडले कशापाशी? पैशापाशी नाही. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन आणि औषधे 2011 पासून मोफत आहेत. गरोदर बाईला नेण्यासाठी 102 ची गाडीही मोफत येते. अडले ते इजाजतीपाशी. सून सासूला विचारते, सासू मुलाची वाट पाहते, आणि मुलगा फोन उचलत नाही. उंट बांधून मग तवक्कुल करण्याची प्रिय नबी (स.) यांची शिकवण आपण मुलांना पाठ करायला लावतो. घरात मात्र उंट मोकळाच असतो.

तेव्हा भाईजान, इजाजत आजच देऊन ठेवा. "काही वाटले तर मला न विचारता निघा," एवढे बायकोला आणि अम्मीला सांगा. डॉक्टरांचा, आशाताईंचा आणि 108, 102 हे नंबर स्वयंपाकघराच्या भिंतीवर लिहा. तपासणीचे कार्ड आणि थोडे पैसे एका पिशवीत तयार ठेवा. फोन करून काहीच निघाले नाही, तर शुक्र अदा करून घरी या. त्यात कसली लाज?

आणि भगिनींनो, यापुढे कुणा गरोदर लेकीचा चेहरा भरलेला दिसला, तर नूर म्हणण्याआधी एवढे विचारा: "बेटा, डोके दुखतेय का?"