विरघळलेली फिल्म परत कुठून आणायची?

ट्रॉम्बे, माहुल आणि खाडीपलीकडच्या तुर्भे पट्ट्यातून या पावसाळ्यात मासिकाकडे आलेल्या पत्रांत दोन तक्रारी पुन्हा पुन्हा दिसतात. लिक्विड डिटर्जंटचे पॉड जुलैत घामेजतात, एकमेकांना चिकटतात आणि डब्यातच फुटतात, ही पहिली. पॉडच्या कवचाचा हिशेब ईपीआर (विस्तारित उत्पादक जबाबदारी) पोर्टलवर कोणत्या रकान्यात भरायचा हे कोणीच नीट सांगत नाही, ही दुसरी. पहिलीवर गाळ्यात उपाय करता येतो. दुसरीवर दिल्लीत करायला हवा, आणि तो होत नाही म्हणून आधी तिच्याबद्दल.

प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ मधल्या प्लास्टिकच्या व्याख्येत पीईटी, पॉलिइथिलीन, पॉलिप्रॉपिलीन यांच्या रांगेत व्हायनिलही आहे. पॉलिव्हायनिल अल्कोहोल, म्हणजे आपली पीव्हीए फिल्म, त्यात आपोआप येते. १६ फेब्रुवारी २०२२ च्या ईपीआर मार्गदर्शक सूचनांनी पॅकेजिंगच्या श्रेणी ठरवल्या: कडक, लवचिक, बहुस्तरीय, कंपोस्ट होणारे, पुढे त्यांत जैवविघटनशील प्लास्टिकची भर पडली. पाण्यात विरघळणाऱ्या फिल्मचा उल्लेख यांत कुठेच नाही. मग ती जाते श्रेणी दोनमध्ये, पिशव्या आणि पाऊचच्या सोबत.

श्रेणी दोनच्या अटी वाचकांना पाठ आहेत. २०२५-२६ मध्ये किमान ४० टक्के पुनर्चक्रीकरण, २०२७-२८ पासून ६० टक्के. शिवाय २०२५-२६ पासून नव्या पॅकेजिंगमध्ये १० टक्के पुनर्चक्रित प्लास्टिक. पॉलिथिनच्या पाऊचला ही अट योग्यच आहे. पॉडची फिल्म मात्र ग्राहकाच्या मशीनमध्ये पहिल्या काही मिनिटांतच पाण्यात जाते आणि पाण्याबरोबर गटारात. ती गोळा कोण करणार, धुणार कोण, दाणे कोण पाडणार? वापरून झालेली पीव्हीए फिल्म भंगाराच्या एकाही दुकानात मिळणार नाही, कारण ती उरतच नाही. एका वाचकाला कार्यालयात रिसायकलरचे प्रमाणपत्र मागितले गेले. त्यांनी फिल्मचा तुकडा पाण्याच्या ग्लासात टाकून दाखवला. अधिकाऱ्यांनी तो विरघळताना पाहिला आणि तरीही प्रमाणपत्र जोडल्याशिवाय अर्ज पुढे सरकणार नाही असे सांगितले.

पुनर्चक्रित अंशाच्या अटीतून सूट मिळू शकते, पण ती दुसऱ्या एखाद्या कायद्याच्या बंधनामुळे अडणाऱ्यांना आणि तीही प्रकरणागणिक. ‘माल तांत्रिकदृष्ट्या परत मिळूच शकत नाही’ हे कारण त्यात बसत नाही. उरतो तो बाजारातून प्रमाणपत्रे विकत घेण्याचा मार्ग. म्हणजे पॉडवाल्याने दुसऱ्याच्या पॉलिथिन पिशव्यांच्या पुनर्चक्रीकरणाचे पैसे भरायचे, आणि स्वतःच्या फिल्मचे पुढे काय होते याची चौकशी मात्र कोणीच करायची नाही. नियमाचा उद्देशच यात हरवतो.

सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालकांना ईपीआरमधून वगळले आहे, हे खरे. पण चेंबूरच्या गाळ्यात पॉड भरणाऱ्या उद्योजकाने फिल्मचा एक रोल जरी स्वतःच्या नावावर परदेशातून मागवला, तरी तो आयातदार ठरतो आणि त्याची जबाबदारी सुरू होते. फिल्म देशात बनत नाही असे नाही. अंधेरीत कार्यालय असलेल्या ॲरो ग्रीनटेकचा फिल्मचा कारखाना अंकलेश्वरला आहे. तरी विशिष्ट ग्रेडसाठी जपान, चीन, तैवानकडे पाहावेच लागते.

१४ मार्च २०२४ च्या दुरुस्तीने जैवविघटनशील प्लास्टिकची व्याख्या स्पष्ट केली. माती, सांडपाण्यातला गाळ, गोडे पाणी, समुद्र अशा ठरावीक परिस्थितीत सूक्ष्मप्लास्टिक न सोडता विघटन, बीआयएसच्या मानकाची पूर्तता आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र. दार इथे किलकिले आहे. पण चाचणी लांबलचक आणि महाग आहे, छोट्याला परवडणारी नाही. ती फिल्म बनवणाऱ्याने ग्रेडनिहाय एकदाच करावी, प्रमाणपत्र रोलबरोबर यावे आणि तो रोल वापरणाऱ्या प्रत्येकाला ते चालावे, एवढी साधी सोय मंत्रालयाने करायला काय हरकत आहे? विरघळणाऱ्या फिल्मला स्वतंत्र रकाना द्या, आणि त्या रकान्यात पुनर्चक्रीकरणाऐवजी सांडपाण्यातल्या विघटनाचा पुरावा मागा. या मासिकाची मागणी एवढीच आहे.

ही मागणी फुकटच्या सवलतीची नाही, आणि हे काही वाचकांना स्पष्ट सांगणे भाग आहे. विरघळणे आणि विघटन होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये अंदाज मांडला की अमेरिकेत पॉडमधून आलेल्या पीव्हीएपैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग सांडपाणी केंद्रांतून न मोडता पुढे जातो. तो अभ्यास फिल्मविना साबण विकणाऱ्या कंपनीच्या पैशातून झाला होता, उद्योगाने त्याला जोरदार विरोध केला, आणि त्याच्या आधारे केलेला अर्ज अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने एप्रिल २०२३ मध्ये फेटाळला. उद्योग २८ दिवसांच्या ओईसीडी चाचण्या पुढे करतो. यांतले काहीही मुंबईच्या गटाराबद्दल काही सिद्ध करत नाही. पीव्हीए खाणारे जीवाणू असतात, पण गाळ त्या अन्नाला सरावलेला लागतो आणि वेळही पुरेसा मिळावा लागतो. आपल्याकडचे सांडपाणी कोमट असते, ही जमेची बाजू. भिवंडी आणि इचलकरंजीच्या सायझिंगमधून पीव्हीए गटारात जात आले आहे, म्हणजे हा पदार्थ महाराष्ट्राच्या नाल्यांना नवा नाही. तरीही घाटकोपरच्या केंद्रातल्या गाळात ८८ टक्के हायड्रोलाइज्ड फिल्म किती दिवसांत मोडते, हा आकडा पॉड बनवणाऱ्यांच्या हातात हवा.

तो हवा, कारण घाटकोपर आणि भांडुपचे सांडपाणी ठाणे खाडीत जाते. ट्रॉम्बे त्याच खाडीच्या काठावर आहे. ही खाडी ऑगस्ट २०२२ पासून रामसर स्थळ आहे. महापालिका उभारत असलेल्या सात नव्या प्रक्रिया केंद्रांची एकूण क्षमता दररोज २,४६४ दशलक्ष लिटर. त्यात घाटकोपरचे ३३७ आणि भांडुपचे २१५. ही केंद्रे पूर्ण जोमाने चालू लागण्याआधीच चाचणी सुरू झाली, तर आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही आकडे मिळतील.

असे असताना काही पॉड-उत्पादक पाकिटावर ठळक अक्षरांत ‘प्लास्टिकमुक्त’ छापत आहेत. हे ताबडतोब थांबले पाहिजे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवर मार्गदर्शक तत्त्वे काढली. दाव्यामागे पुरावा हवा, असे त्यांत साफ म्हटले आहे. पोर्टलवर प्लास्टिक म्हणून नोंदलेली फिल्म पाकिटावर प्लास्टिकमुक्त कशी होते, असे कोणी विचारले तर काय उत्तर देणार? एका बाजूला सरकारकडे वेगळा रकाना मागायचा आणि दुसऱ्या बाजूला खोटा दावा छापायचा, याने सगळ्यांचीच पत जाते.

आता गळतीकडे. आलेल्या तक्रारींतल्या बहुतेक फिल्मच्या नाहीत, फॉर्म्युल्याच्या आणि खोलीच्या आहेत.

बाटलीतले लिक्विड जसेच्या तसे पॉडमध्ये भरता येत नाही, हे अजूनही काहींच्या गळी उतरलेले नाही. पाणी दहा टक्क्यांच्या आसपास राखायचे तर ॲसिड स्लरी कॉस्टिक लायने न्यूट्रल करून भागत नाही. लायबरोबर पाणी येते आणि अभिक्रियेतही पाणी तयार होते. मोनोइथेनॉलअमाइन वापरले की हे दोन्ही टळते. दुसरी चूक बोरॅक्सची. बाटलीत प्रोटिएज टिकवायला बोरॅक्स किंवा बोरिक ॲसिड घालायची सवय आहे. पॉडमध्ये तेच बोरेट पीव्हीएच्या साखळ्या एकमेकींना बांधते, आणि फिल्म विरघळण्याऐवजी शर्टाच्या कॉलरवर चिकट साय होऊन बसते. तिसरी चूक उशिरा कळते. मिश्रण फार अल्कधर्मी असेल तर ते फिल्ममधले उरलेले ॲसिटेट गट साठवणुकीत हळूहळू कापते. ८८ टक्के हायड्रोलिसिसची, थंड पाण्यात विरघळणारी फिल्म काही आठवड्यांत ९८ टक्क्यांकडे सरकते, आणि ती मग गरम पाण्याशिवाय दाद देत नाही. कारखान्यात पहिल्या दिवशी घेतलेली चाचणी उत्तीर्ण होते आणि तक्रार दुकानातून दोन महिन्यांनी येते. म्हणून चाचणी भरलेल्या, मुरलेल्या पॉडची घ्यावी. नुसत्या फिल्मची घेऊन उपयोग नाही.

राहिली हवा. फिल्मवाल्याचे आकडे २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेवरचे असतात. मुंबईच्या जुलैत आर्द्रता ८५ टक्क्यांच्या पुढे जाते. ७६ मायक्रॉनची फिल्म ओलावा पिऊन सैल पडते, साच्याच्या खोबणीत जास्त ताणली जाते आणि कोपऱ्यांत पातळ होते. वरची फिल्म चिकटवताना लावलेल्या पाण्यात हवेतल्या ओलाव्याची भर पडते आणि सील कच्चे राहते. थर्मोफॉर्मिंगचे मशीन असलेल्या खोलीपुरता डीह्युमिडिफायर बसवला तरी पुरतो, सगळा गाळा कोरडा करायची गरज नाही. रोल वापरण्याआधी दिवसभर त्याच खोलीत ठेवावा, पण पॉलिथिनचे वेष्टन न काढता. अर्धा उरलेला रोल उघडा ठेवून घरी जाणाऱ्याने सकाळच्या गळतीबद्दल पुरवठादाराला फोन करू नये. उलट डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत हीच फिल्म कडक होऊन तडकते. तेव्हा डीह्युमिडिफायर बंद ठेवावा. बाहेरच्या डब्याला किंवा झिप पाऊचला ओलावा अडवणारा थर हवाच. तो पाऊच मात्र खरोखर श्रेणी दोनमधला आहे आणि त्याचा हिशेब प्रामाणिकपणे द्यावा.

डब्याबद्दल आणखी एक, आणि हे सर्वांत गंभीर. अमेरिकेत टाइड पॉड्स फेब्रुवारी २०१२ मध्ये बाजारात आले. २०१२ आणि २०१३ या दोन वर्षांत तिथल्या विषबाधा केंद्रांकडे सहा वर्षांखालच्या १७,२३० मुलांच्या नोंदी आल्या, सातशेहून अधिक मुलांना रुग्णालयात ठेवावे लागले, एक दगावले. युरोपने १ जून २०१५ पासून नियम लागू केला: बाहेरचा डबा अपारदर्शक आणि मुलांना सहज न उघडणारा, फिल्ममध्ये सहा सेकंदांच्या आत कडू लागणारे द्रव्य, २० अंशांच्या पाण्यात किमान ३० सेकंद आतला द्रव धरून ठेवणारी फिल्म, आणि ३०० न्यूटन दाब सोसणारा पॉड. प्रॉक्टर अँड गँबलसारख्या बलाढ्य कंपनीलाही एप्रिल २०२४ मध्ये झिप फाटते म्हणून ८२ लाख पिशव्या परत मागवाव्या लागल्या. आपल्याकडे अशी सक्ती नाही. म्हणून काही जण लाल-निळे चकाकते पॉड पारदर्शक बरणीत भरून विकत आहेत. ज्या घरात बादली, मशीन आणि रांगणारे मूल एकाच न्हाणीत असते, तिथे ही बरणी जाणार आहे. दाताने पॉड फोडून अर्धा बादलीत ओतण्याचा प्रकारही होतो, आणि तो दाट द्रव डोळ्यात गेला तर बुबुळ भाजते. डेनाटोनियम बेंझोएट हे कडू द्रव्य महाग नाही. अपारदर्शक डबाही महाग नाही. नियम येण्याची वाट पाहणाऱ्यांना हे मासिक पाठीशी घालणार नाही.

या सगळ्यासाठी लागणारे ज्ञान मुंबईतच आहे. १९६६ पासूनची भारतीय पॅकेजिंग संस्था अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. माटुंग्याच्या आयसीटीत तेले आणि सरफॅक्टंटचा स्वतंत्र विभाग आहे. नीरीचे विभागीय केंद्र वरळीला आहे. आणि खुद्द ट्रॉम्बेत भाभा अणुसंशोधन केंद्राने पीव्हीएपासून गॅमा किरणांच्या साहाय्याने जखमेवरची हायड्रोजेल पट्टी घडवली आहे, म्हणजे या पॉलिमरची नाडी ओळखणारी माणसे माहुलच्या गाळ्यांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. एकेकट्या लघुउद्योजकाच्या पत्राला ही दारे उघडणार नाहीत. पन्नास जणांनी मिळून, वर्गणी काढून चाचणी मागितली तर उघडतील.

तेव्हा वाचकांना विनंती. पुढच्या अंकापूर्वी तीन गोष्टी कळवाव्यात: वापरात असलेल्या फिल्मची जाडी आणि ग्रेड, भरल्यानंतर ३० आणि ६० दिवसांनी त्याच पॉडला आपल्या नळाच्या पाण्यात विरघळायला लागलेला वेळ, आणि ईपीआरसाठी कोणत्या कार्यालयाने कोणता रकाना भरायला सांगितला, त्या पत्राची प्रत. नावे गुप्त ठेवून तक्ता छापला जाईल आणि तोच पर्यावरण मंत्रालय, केंद्रीय मंडळ व बीआयएसकडे निवेदनासोबत जाईल. सामायिक चाचणीच्या वर्गणीत नाव घालणाऱ्यांनी तसे त्याच पत्रात लिहावे, आणि पाकिटावरचा ‘प्लास्टिकमुक्त’ हा शब्द पुढच्या छपाईत काढून टाकावा.