शिल्पाला सहा तास, मग व्हिडीओला पाचच मिनिटं का?

गेल्या गणेशोत्सवाच्या आधीची गोष्ट. ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये गणपतीची मूर्ती घडवायला बसलो होतो. सोबत स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू. सहा तासांनी सोंडेचा शेवटचा वळसा देत असताना लाइट गेली. डेस्कटॉपला यूपीएस नव्हता. मूर्तीची फाइल ऑटोसेव्हमुळे वाचली, पण व्हिडीओची एमपी४ फाइल काही केल्या उघडेना.

चूक माझीच होती. साध्या एमपी४ फाइलमध्ये कुठली फ्रेम कुठे आहे याची यादी रेकॉर्डिंग संपताना लिहिली जाते. ती लिहायच्या आत मशीन बंद पडलं, तर आतला व्हिडीओ असूनही प्लेअरला सापडत नाही. इंजिनीअरिंगची पदवी घेतलेल्या माणसाला एवढंही ठाऊक नव्हतं!

एवढं काय बिघडलं?

माझं फारसं काही बिघडलं नाही. मूर्ती हौसेची होती. पण ॲनिमेशन, गेमिंग किंवा व्हीएफएक्समध्ये नोकरी शोधणाऱ्यांचं बिघडतं. त्यांच्या हातात मार्कशीटपेक्षा मोठी गोष्ट असते ती डेमो रील. स्टुडिओतला माणूस तुमची मूळ फाइल उघडून बघत बसत नाही, तो व्हिडीओ बघतो. त्यात त्वचेवरची छिद्रं चिखलासारखी दिसली, तर तुम्ही ती किती बारकाईने कोरली होती हे त्याला कळणार कसं?

शिवाय आता एका वाक्यातून एआय चित्र काढून देतं. अशा वेळी साध्या गोळ्यापासून पापणीच्या सुरकुतीपर्यंतचा प्रवास दाखवणारा टाइमलॅप्स हा ‘हे मी केलंय’ म्हणायचा चांगला पुरावा आहे. तो शेवटी घाईघाईत उरकणं मला पटत नाही.

व्हिडीओ फुटतो का?

आधी थोडं गणित. फुल एचडी फ्रेममध्ये १९२० गुणिले १०८० पिक्सेल असतात. प्रत्येक पिक्सेलला ३ बाइट धरले, तर एक फ्रेम ६ एमबीच्या पुढे जाते. सेकंदाला ३० फ्रेम म्हणजे एका मिनिटाचा कच्चा व्हिडीओ ११ जीबीहून मोठा. यूट्यूब फुल एचडी, ३० फ्रेमच्या व्हिडीओसाठी ८ एमबीपीएस बिटरेट सुचवतं. त्या हिशेबाने एक मिनिट ६० एमबीत बसतं. म्हणजे जवळपास १८७ पट दाबलं.

एच.२६४ सारखे कोडेक हे कसं साधतात? प्रत्येक फ्रेम पूर्ण न साठवता बऱ्याच ठिकाणी फक्त आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं ते साठवतात. बातम्यांच्या व्हिडीओत निवेदकाच्या मागची भिंत हलत नाही, त्यामुळे काम सोपं असतं. शिल्पाच्या टाइमलॅप्समध्ये मॉडेल सतत फिरतं, वेग वाढवलेला असतो, पृष्ठभागावर बारीक पोत असतो. जवळजवळ सगळंच बदलतं. बिटरेट कमी असेल, तर चौकोन दिसणारच. मागे राखाडी छटांचा पडदा असला की त्यावर पट्टेही उमटतात. साधी एकरंगी पार्श्वभूमी ठेवली तरी बराच फरक पडतो.

मग करायचं काय?

रेकॉर्डिंग: ओबीएस स्टुडिओ मोफत आहे. त्यात फाइलचा प्रकार एमकेव्ही ठेवा. लाइट गेली तरी तोपर्यंतचं रेकॉर्डिंग सहसा वाचतं. नंतर त्यातल्याच ‘रीमक्स’ने दर्जा न घटवता एमपी४ करता येतं. झेडब्रश वापरत असाल, तर त्याच्या ‘मूव्ही’ पॅलेटमध्ये रेकॉर्डिंग, टाइमलॅप्स आणि टर्नटेबलची सोय आहे. फक्त कॅनव्हास हवा असेल तर ‘डॉक’ आणि मेनूसकट सगळं हवं असेल तर ‘विंडो’ निवडा. तिथे नुसतं ‘सेव्ह’ केलं तर फाइल झेडब्रशच्या स्वतःच्या स्वरूपात राहते. बाहेर दाखवायची तर ‘एक्स्पोर्ट’ करावीच लागते.

टर्नटेबल: मूर्ती गोल फिरवून दाखवायची तर ३० फ्रेमच्या वेगाने ८ सेकंद, म्हणजे २४० फ्रेम पुरतात. ब्लेंडरमध्ये पहिल्या फ्रेमला ० अंश आणि २४१व्या फ्रेमला ३६० अंश द्या, पण रेंडर २४०पर्यंतच करा. नाहीतर पहिली आणि शेवटची फ्रेम सारखीच येऊन व्हिडीओ पुन्हा सुरू होताना अडखळतो. इंटरपोलेशन ‘लिनिअर’ करा. तसं केलं नाही, तर फिरणं सुरुवातीला आणि शेवटी मंदावतं.

एक्स्पोर्ट: थेट व्हिडीओ काढण्यापेक्षा आधी पीएनजी चित्रांची मालिका काढा. १८०व्या फ्रेमला मशीन बंद पडलं, तर १८१पासून पुढे सुरू करता येतं. नंतर या चित्रांचा एच.२६४ व्हिडीओ बनवा. ४के, ३० फ्रेमसाठी यूट्यूब ३५ ते ४५ एमबीपीएस सुचवतं. शिल्पाचा टाइमलॅप्स असेल, तर मी वरच्या आकड्याच्या बाजूनेच राहीन.

पाठवणं: मेसेजिंग ॲपवर साधा व्हिडीओ म्हणून पाठवला, तर तो वाटेत पुन्हा दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. मुलाखतीला जाताना मूळ फाइल पेन ड्राइव्हवर असू द्या.

क्लासवाल्यांनाही एक सांगणं

या क्षेत्रात शिकणाऱ्या मित्रांशी बोलताना एक गोष्ट वारंवार ऐकू येते. शरीररचना, ब्रश, टेक्स्चर यांवर महिने जातात आणि व्हिडीओचा विषय शेवटच्या दिवशी ‘एक्स्पोर्ट दाबा’ एवढ्यावर संपतो. भरमसाट फी घेणाऱ्या संस्थांनी यासाठी दोन तास काढायला हरकत नसावी. मुलांना पहिल्याच आठवड्यात रेकॉर्ड करायला लावलं, तर अभ्यासक्रम संपेपर्यंत प्रत्येकाकडे स्वतःच्या प्रगतीचा पुरावाही जमा होईल.

तोवर तुम्ही एक करा. आज रात्री नवं शिल्प सुरू करण्याआधी दहा सेकंदांचं चाचणी रेकॉर्डिंग काढा आणि ते मोबाइलवर पूर्ण स्क्रीन करून बघा. बारीक रेघ दिसत नसेल, तर सेटिंग आत्ताच बदला. सहा तासांनंतर ते कळून उपयोग नसतो. यंदा गणपती पुन्हा पहिल्यापासून घडवतोय, म्हणून सांगतो. आणि हो, यूपीएस घेतलाय!