बिनतारी मुकादम

मुकादमाची हाक कामगाराला ऐकू येते, कॅमेऱ्याचा डोळा त्याला दिसतो. आता येऊ घातलेला पहारेकरी मात्र दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही. कारखान्याच्या कचेरीतील वाय-फायच्या लहरी माणसाच्या शरीरावर आदळून परततात. माणूस हलला की त्या लहरींत सूक्ष्म फरक पडतो. त्यावरून कोण उभा आहे, कोण वाकला, कोण खाली बसला, हे संगणक ओळखू लागला आहे. २०१३ साली अमेरिकेतील एमआयटीच्या संशोधकांनी भिंतीपलीकडील हालचाल अशा लहरींनी टिपून दाखविली. २०२५ मध्ये या तंत्राचे आंतरराष्ट्रीय मानकही संमत झाले.

यात छायाचित्र नसते, म्हणून खासगीपणाला धोका नाही, असा युक्तिवाद केला जातो. तो फसवा आहे. मालकाला कामगाराच्या चेहऱ्याशी कर्तव्य नसते; त्याला हवा असतो मिनिटांचा हिशेब. फ्रेडरिक टेलरने १९११ च्या ग्रंथात घड्याळ लावून श्रम मोजण्याचे जे शास्त्र मांडले, त्याचीच ही अदृश्य आवृत्ती होय.

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत हे यंत्र उद्या आले तर काय होईल? मोठ्या वाहन कारखान्यांना सुटे भाग पुरविणाऱ्या तेथील लहान शेडमध्ये लेथ आणि प्रेस खेटून उभे असतात. पत्र्यावर व लोखंडावर आपटून लहरी विखुरतात. शेजारी राबणाऱ्या पाचजणांचे प्रतिध्वनी एकमेकांत मिसळतात. त्यातून कोणती हालचाल कोणाची, हे निवडणे या शास्त्राला अजूनही अवघड जाते. म्हणजे एकाने पाठ टेकली म्हणून दुसऱ्याचा पगार कापला जाणार! आणि कंत्राटी कामगाराने दाद मागितली, तर संगणक खोटे बोलत नाही, हे उत्तर ठरलेले.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याच्या सातव्या कलमाने मात्र नोकरीविषयक कारणांसाठी संमतीविना माहिती वापरण्याची वाट मालकाला मोकळी ठेवली. न्यायालयाने दिलेला हक्क कारखान्याच्या फाटकाबाहेरच थांबावा, अशीच ही सोय आहे.

विज्ञानाला विरोध करण्याचे कारण नाही. एकट्याने काम करणारा कामगार कोसळला, तर हीच लहर त्याचे प्राण वाचवू शकेल. म्हणूनच संघटनांनी यंत्र बसण्यापूर्वी अटी घातल्या पाहिजेत: कामगार प्रतिनिधींशी लेखी करार झाल्याशिवाय ते बसू नये, त्याच्या नोंदी कामगारांना खुल्या असाव्यात, आणि त्या नोंदींवरून वेतनकपात वा शिस्तभंगाची कारवाई होऊ नये. एकदा यंत्र छताला लागले की वाटाघाटीला उरते ते फक्त त्याचे वीजबिल.